तेलाचे दिवस

घरात तीळ भाजायला घेतले की माझं डोकं फिरतं. कढईत तीळ तडतडायला लागले की आमची गौरा पण तडतडायला लागती, असं अव्वा म्हणते, आणि म्हणताना तिचं उलथनं जराही थांबत नाही. अव्वा म्हणजे माझी आई. ऐंशीच्या घरात आहे, पण जानेवारी लागला की तिच्या अंगात कुठून बळ येतं कुणास ठाऊक. तीळ निवडायचे, भाजायचे, गूळ चिरायचा, शेंगदाणे कुटायचे. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, मला वाटतं थंडीत निवांत पडून राहावं. पण नाही. ओट्यावर तेल, फरशीवर तेल, फ्रीजच्या मुठीला तेल, आणि मी हातात साबणाचं फडकं घेऊन तिच्या मागे मागे. दर वर्षी हेच. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्या सोलापुरात जानेवारी हा महिनाच तेलाचा आहे. भोगीला वाटलेले तीळ अंगाला चोळून अंघोळ करायची, म्हणजे दिवसभर माणूस स्वतःच्याच हातातून निसटतो. बाजरीच्या भाकरीवर तीळ, भोगीच्या भाजीवर बोटभर तवंग. शेंगांची चटणी तर बारा महिन्यांची, पण थंडीत उखळात कुटली की तिला असं तेल सुटतं की कागदाची पुडी बांधणारा दुकानदारसुद्धा आधी प्लॅस्टिक लावतो. आणि या सगळ्याच्या वर गड्डा, म्हणजे आमची सिद्धरामेश्वरांची यात्रा. तिची सुरुवातच मुळी यण्णीमज्जनाने होते. यण्णी म्हणजे कानडीत तेल. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं उंच उंच नंदीध्वज पेलत गावभर फिरतात आणि गावाभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तेलाने न्हाऊ घालतात. मी लहानपणी आप्पांच्या खांद्यावर बसून हे बघितलंय, मला त्याचं वावडं नाही. वावडं आहे ते तेलाचं. आणि ते उगाच जडलेलं नाही.

ज्या बाईने एक अख्खा हिवाळा दोन पत्रे एकमेकांना चिकटवण्यात घालवला, तिला तेलाचा थेंबही वैऱ्यासारखा दिसतो.

हा उद्योग माझ्या धाकट्या भावाचा, बसूचा. आप्पा गेले, त्यांच्या पाठोपाठ आमचे चादरींचे माग गेले. अक्कलकोट रोडला शेड तेवढी राहिली. लोक म्हणाले, भाड्याने दे, मंडपवाले तयार आहेत. पण बसूने इंजिनीअरिंगचा डिप्लोमा केलेला, पुण्याकडच्या एका कारखान्यात काही वर्षं काढलेली, आणि डोक्यात एकच खूळ घेऊन तो परत आला होता. त्याने कुठूनशी जुनी रोलिंग मिल आणून मागांच्या जागी बसवली. ट्रकमधून ती उतरवताना गल्ली जमली होती. अव्वाने नारळ फोडला आणि विचारलं, "ह्याच्यावर काय विनायचं रं?"

"विनायचं न्हाय अव्वा, लाटायचं," बसू म्हणाला.

खरोखर लाटायचंच होतं. ॲल्युमिनियमचे दोन पत्रे घ्यायचे. आधी औषधाने पुसायचे, मग तारेच्या ब्रशने घासून लख्ख करायचे. जिथे ते चिकटायला नकोत तिथे एका पत्र्यावर ग्राफाइटच्या शाईने पट्टे छापायचे. टॉवेल छापायची असते तसली चौकट त्यासाठी शेजारच्या छपाईवाल्याकडून आणली होती. शाई वाळली की दुसरा पत्रा वर ठेवायचा, भट्टीत तापवायचा आणि लोखंडी रुळांमधून एकदाच, जोरात काढायचा. गोंद नाही, रिबिट नाही, वेल्डिंग नाही. दाबाखाली दोन्ही पत्रे एकजीव होतात, सुरी घालून सोडवायचे म्हटले तरी सुटत नाहीत. फक्त शाई असते तेवढ्या जागी आत फट राहते. मग त्या फटीत नळीने हवा दाबली की पुरी फुगते तशी ती जागा फुगून वर येते, आणि सपाट पत्र्याला बरगड्या फुटतात. एका हाताने उचलावा इतका हलका पत्रा, पण त्यावर माणूस उभा राहिला तरी वाकत नाही. पहिल्यांदा असा पत्रा तयार झाला त्या दिवशी बसू त्याच्यावर उभा राहून नाचला होता, आणि मी, विज्ञान शिकवणारी बाई, डोळ्यांत पाणी आणून बघत उभी होते.

हे सगळं जमायला अट एकच. आतल्या बाजूला काही म्हणजे काही लागता कामा नये. धूळ नको, घाम नको, तेल तर नकोच नको. बोट लागलं तर बोटाएवढी जागा चिकटत नाही, आणि हवा भरली की तिथे फोड येतो. पुसायचं काम माझ्याकडे होतं. सकाळची शाळा सुटली की मी शेडवर जायची, हातमोजे चढवायची आणि पत्रे पुसायला बसायची. दारावर मी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती, "आतल्या वस्तूंना हात लावू नये." सोलापूरच्या माणसाला अशी पाटी दाखवणं म्हणजे आमंत्रण देणं. येणारा प्रत्येक जण पाटी मोठ्याने वाचायचा, हसायचा, आणि चमकणाऱ्या पत्र्यावरून हात फिरवून म्हणायचा, "लई गुळगुळीत हाय की." मावशी आली, तिने हात फिरवला. लाइटवाला आला, त्याने फिरवला. एकदा तर पत्रिका द्यायला आलेल्या माणसाने पत्र्यात बघून भांग पाडला आणि तेल लावलेला कंगवा वर ठेवून गेला. हवा भरली तेव्हा कंगव्याचे दात मोजता येत होते.

मिल चालवायला शफीभाई होते. आधी आप्पांच्या मागांवर जॉबर होते, बिघडलेले माग जुळवून द्यायचे, आता रुळांवर आले. माझा संताप बघून ते शांतपणे म्हणायचे, "अक्का, पाव्हण्यांचे हात बांधूनच आत घ्या की." आणि मग स्वतः डबा उघडून शेंगाचटणीचं बोट चाटायचे. मी बघत राहायची. ते म्हणायचे, "धुतो की, धुतो की."

घरात तर मी पोलीस झाले होते. बसू जेवून उठला की त्याचे हात हुंगायची. त्याला राग यायचा. अव्वाला या सगळ्याचं हसू यायचं. "भाकरीला पापुद्रा सुटला की सून चांगली म्हनत्यात," ती म्हणायची. "तुमच्या पत्र्याला सुटला की घरात सुतक. असलं कसलं गं काम?" मी तिला समजावून सांगायची, तिन्ही वेळा जेवताना सांगायची, की भाकरीचं निराळं आणि हे निराळं. ती मान डोलवायची. मान डोलवणं हा अव्वाचा ऐकून न घेण्याचा प्रकार आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात पुण्याचे एक साहेब शेड बघून गेले. त्यांची कंपनी फिरत्या दवाखान्यांच्या गाड्या बांधायची, आणि गाडीच्या तळाला बसवायला त्यांना असेच हलके, कडक पत्रे हवे होते. माणूस मोजकं बोलणारा, पण बसूवर खूश झाला. म्हणाले, एक पूर्ण मापाचं पॅनेल करून ठेवा, संक्रांत झाली की मी येतो. पास झालं तर वर्षभराचं काम तुमचं. आणि जाता जाता बसूच्या खांद्यावर हात ठेवून हेही म्हणाले की नाही जमलं तरी वाईट वाटून घेऊ नका, आमच्याकडे अशीच मोठी मिल आहे, तुमच्यासारखा माणूस आम्हाला पाहिजेच आहे.

त्या दिवशी जेवताना बसू म्हणाला, "अव्वा, पॅनेल पास झालं तर मी हितंच. न्हाय झालं तर शेड भाड्यानं दिऊ आन मी पुन्याला जातो. किती दिवस नाद करायचा?"

अव्वाने वाढता वाढता हात थांबवला. तिला तीन लेकरं झाली, त्यातलं एक पाळण्यात गेलं. मी लग्न केलं नाही, म्हणून घरात राहिले. बसू परत आला होता तो तिच्या मते देवानेच आणून दिला होता. तो पुन्हा जायचा की राहायचा, ते आता त्या पत्र्यावर ठरणार होतं. त्या रात्रीपासून तिने पापुद्र्याची थट्टा केली नाही.

आता माझ्या संतापाचं खरं कारण सांगते. काम असं होतं, तारीख अशी होती, आणि बसूने पॅनेल लाटायला कुठला दिवस धरावा? भोगी. यण्णीमज्जनाचा दिवस. गावात ज्या दिवशी तेल न लागलेला एक माणूस सापडायचा नाही, तो. मी डोकं आपटून घेतलं. पण त्याचं म्हणणं, यात्रेत शेजारचे कारखाने बंद, म्हणजे विजेचा दाब चांगला मिळतो. आणि नंदीध्वजाबरोबर तो लहानपणापासून चालायचा, काठीला आधार देणाऱ्या पोरांत त्याची जागा ठरलेली. ती सोडणार नाही म्हणाला. मग असं ठरलं की सकाळी पत्रे घासून, छापून ठेवायचे. शाई वाळेपर्यंत तो काठीबरोबर जाऊन येईल, आणि दुपारी परत येऊन, आंघोळ करून, लाटायला उभा राहील.

सकाळी मी स्वतः पत्रे पुसले. नंतर सांगायला नको म्हणून आधीच सांगते, अगदी शाळेच्या प्रयोगशाळेत पुसावेत तसे पुसले. बसूने छापले. शाईला टेकणार नाही असं धुतलेलं धोतर वरून अंथरलं. शफीभाई मागच्या बाजूला भट्टी लावत बसले आणि मी घरी भोगीची भाजी करायला आले. दुपारी मी आणि बसू शेडवर पोचलो, त्याने साबण संपेपर्यंत हात धुतले, धोतर काढून घेतलं आणि पत्र्यावर पत्रा ठेवला. पत्रा सुंदर लाटला गेला. शफीभाईंनी रुळावर हात टेकून नमस्कार केला. मी म्हटलं, रुळालाही हात नका लावू.

लाटलेला पत्रा सपाट असतो. आत काय झालंय ते हवा भरेपर्यंत कुणालाच कळत नाही. ही या कामातली सगळ्यात छळणारी गोष्ट. संक्रांत गेली, आणि साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी बसूने नळी जोडली. बरगड्या एकेक करून उठल्या, सरळ, सारख्या, जशा हव्या होत्या तशा. मी टाळ्या वाजवणार तोच मधल्या मोकळ्या जागेत आणखी काहीतरी वर यायला लागलं. तीन रेघा. शेजारी शेजारी, हातभर लांब, बोटाएवढ्या रुंद. टोकाला किंचित बाकदार.

मला काही कळेना. ब्रशचा ओरखडा म्हणावा तर इतका नेमका नसतो. तेल म्हणावं तर भट्टीत ते अर्धं जळतं आणि फोड तुटक उठतात. बसूला मात्र बघता क्षणीच कळलं. पत्रा लाटला की लांब होतो, पण रुंदी तेवढीच राहते. हातभर लांबीच्या त्या रेघा मनातल्या मनात आखूड करून बघितल्या की काय उरतं? तीन बोटं. कपाळावर ओढतात तशी.

"शफीभाई," बसू म्हणाला, "भोगीच्या दिशी अव्वा आली हुती का?"

"व्हय की," शफीभाई भट्टीकडून म्हणाले. "भाकरी दिऊन गेल्या. मी म्हनलं बसा, तर बसल्या न्हाईत."

भस्माला आमच्या घरात इबत्ती म्हणतात. अव्वाच्या कनवटीला तिची गोळी असते. आप्पांनी नवा माग आणला की पहिल्या ताण्याला ती तीन बोटं लावायची, माझ्या दहावीच्या पेनाला तिने लावली होती, बसूच्या पहिल्या सायकलच्या घंटीला लावली होती. घरातलं कुठलंही महत्त्वाचं काम तिच्या तीन बोटांशिवाय सुरू झालेलं मला आठवत नाही. तिने धोतर उचललं असणार, लख्ख पत्रा बघितला असणार, आणि लेक जवळ राहावा म्हणून बोटं ओली करून, डोळे मिटून, तीन रेघा ओढल्या असणार. वाळल्यावर शाईच्या पट्ट्यांमध्ये त्या करड्या रेघा कुणाच्या लक्षात येणार? तेल भट्टीत जळून गेलं असतं, अर्धमुर्धं तरी. इबत्ती जळत नाही. ती आधीच जळलेली असते.

मी ओरडायला तोंड उघडलं. बसूने माझा दंड धरला आणि म्हणाला, "अक्का, हे तिच्या कानावर घालायचं न्हाय. कवाच न्हाय." शफीभाईंकडे त्याने नुसतं बघितलं. त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बरोबर अव्वाही आली, कारण पाहुणा आला आणि अव्वा घरी बसली असं कधी होत नाही. हातात तिळगुळाचा डबा. साहेबांनी पॅनेलभोवती एक फेरी मारली, त्या तीन रेघांवर अंगठा दाबला, पत्रा आत गेला आणि टक्क करून परत बाहेर आला. एका कोपऱ्याची पट्टी कापून त्यांनी पकडीने ओढून बघितली. ती सुटली नाही. म्हणाले, "जोड तर उत्तम आहे. मग इथे मधेच काय झालं?"

आणि इथे माझ्या भावाने जे केलं त्याचा राग मला आजही आवरत नाही. त्याने फक्त खरं सांगायचं होतं. साहेब, आमच्या आईने श्रद्धेने भस्म लावलं, पुन्हा होणार नाही. साहेब काय, कुठलाही माणूस हसला असता, म्हणाला असता, दुसरं करा, पुढच्या महिन्यात येतो. बाहेरचं काही लागलं तर ती एका दिवसाची चूक असते. पण अव्वा डब्याचं झाकण उघडून समोर उभी होती. बसूने तिच्याकडे बघितलं नाही. तो म्हणाला, "ब्रशिंग नीट झालं न्हाय, साहेब. आमची पद्धतच कमी पडली."

पद्धत कमी पडली. साफसफाईची पद्धत ज्यांची कमी पडते, त्यांच्या पत्र्यावर रुग्णाला कोण झोपवणार? साहेबांचा चेहरा बदललेला मी बघितला. त्यांनी वही मिटली, बसूचा हात हातात घेतला आणि म्हणाले की तुम्ही आमच्याकडे या, तिथे सोयी आहेत. मी तिथे उभी होते. सकाळभर ज्या हातांनी पत्रे पुसले ते हात माझे होते, आणि ते कमी पडले असं ऐकून मी मूग गिळून गप्प होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. अव्वा पुढे झाली, साहेबांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "गोड बोला."

साहेब खरोखर गोडच बोलले. बसू फेब्रुवारीत पुण्याला गेला.

शेडमध्ये आता मंडपवाल्यांच्या खुर्च्या आहेत. मिल विकली. शफीभाई लेकाच्या दुकानात बसतात, भेटले की अजून म्हणतात, "अक्का, त्यो पत्रा लई भारी लाटला हुता." बसूचं लग्न झालं, त्याला मुलगी आहे, चांगलं चाललंय. दिवाळीला येतो, मे महिन्यात येतो. गड्ड्याला येत नाही. त्या वर्षापासून एकदाही आला नाही. सुट्टी नाही म्हणतो, मुलीची शाळा म्हणतो. काठीच्या पोरांतली त्याची जागा दुसऱ्याने घेतली. खरं कारण मला माहीत आहे. यण्णीमज्जनाला निघायच्या आधी अव्वा घरातल्या प्रत्येकाच्या कपाळाला इबत्ती लावते. ती बोटं कपाळावर फिरत असताना बसूचं तोंड सगळं सांगून टाकेल. त्याला तोंड लपवणं कधी जमलेलंच नाही. आणि अव्वा? दर वर्षी भोगीच्या सकाळी ती त्याच्यासाठी गोळी भिजवते, दारात उभी राहते, आणि मग ती बोटं स्वतःच्याच मनगटाला पुसते. माझा जीव तीळ तीळ तुटतो. आणि मग मला दोघांचाही संताप येतो, तो वेगळाच.

लोकांना वाटतं कुटुंबात न बोललेल्या गोष्टी काही मोठ्या असतात, वाटण्या, भांडणं, जुने अपमान. आमच्याकडची न बोललेली गोष्ट म्हणजे बोटभर राख. एवढ्याशा राखेने दोन पत्रे चिकटत नाहीत हे मी मुलींना वर्गात शिकवलं असतं. माणसांचं काय होतं ते मला कुणी शिकवलं नाही.

आणि तो पत्रा? तो घरीच आहे. बसूने जाताना आणून टाकला, भंगारात द्यायला त्याचा हात उचलेना. अव्वाने त्याला कामाला लावलं. उन्हाळ्यात त्यावर कुरडया वाळतात, आणि जानेवारीत, दुसरीकडे कुठे नाही, नेमक्या त्याच्यावर ती तिळाच्या वड्या थापते. तूप लावते, गरम गोळा ओतते, वाटीने सारखा करते. वड्या उलट्या केल्या की प्रत्येकीच्या पाठीवर तीन खाचा. घरात स्टीलची तीन ताटं आहेत, परात आहे, मी दर वर्षी काढून समोर ठेवते. ती म्हणते, "हितंच बरं थापतंय." मग त्याच वड्या डब्यात भरून पुण्याला पाठवायच्या. कुरिअरवाल्यालाही वास येतो इतकं तूप. आणि डबा पोचला की बसूचा फोन. आधी इकडचं तिकडचं, मग आवाज खाली करून तोच प्रश्न, "अक्का, अव्वाला काय कळलं न्हाय न्हवं?" नाही रे, मी म्हणते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं अव्वा जन्मभर म्हणत आली, आणि इतकी वर्षं हा एवढा मोठा तीळ मी भिजत घातलाय याचं कौतुक कुणाला नाही.

या वर्षी मात्र माझा ताबा सुटला. कालची गोष्ट. पत्र्यावरून वडी काढताना ती मधोमध तुटली, खाचेवरच. माझ्या साडीवर गूळ उडाला. मी म्हटलं, "अव्वा, हा पत्रा मी उद्याच्या उद्या भंगारात देणार. वडी धड निघत नाही, प्रत्येकीवर या रेघा."

"उटू देत की," अव्वा म्हणाली. "त्याच्यासाटीच तर थापतीया."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. तिने तुपाचा हात पदराला पुसला, तीन बोटं त्या तीन फुगीर रेघांवर ठेवली, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश ओढत नेली. लांबी कुठल्या कुठे गेली होती, पण रुंदी तेवढीच होती. बोटं बरोबर बसली.

"बोटं माजी हायत," ती म्हणाली. "मला वळकू येनार न्हाईत व्हय?"

मी विचारलं, "कधी कळलं?"

"घरला आनला त्याच दिशी."

"मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं मी इथे..." मला रडू येत होतं की ओरडावंसं वाटत होतं तेच समजेना.

"त्यानं येवडं झाकलं गं. साहेबाम्होरं सोताला कमी म्हनवून घेतलं. लेकरानं घातलेलं पांघरून मी कसं वडायचं?" तिने तुटलेली वडी उचलून मला दाखवली, पाठीकडून. "म्हनून हेच्यावर पाठिवतीया दरसाली. शिकलेला हाय, वळकंल म्हनलं. तर तुमी दोगं नुस्तं खाताव."

म्हणजे इतकी वर्षं डबा भरून निरोप जात होता आणि पुण्यात बसून ते दिवटं तो निरोपच मिटक्या मारत खात होतं. आणि मी, जी प्रत्येक वडीवर चिडत होते, मीही तो वाचला नाही. हात टेकले मी या घरापुढे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं तरी कुणाला?

तेवढ्यात फोन वाजला. बसूच होता. डबा अजून गेलाही नव्हता, पण भोगी जवळ आली की त्याला राहवत नाही. मुलीची परीक्षा, थंडी किती आहे, गड्ड्यावर पाळणे आले का, सगळं विचारून झालं. मग आवाज खाली गेला. "अक्का, अव्वाला..."

"मला विचारू नकोस," मी म्हटलं. "मला या घरात काहीच कळत नाही. घे, तिलाच विचार." आणि फोन अव्वाच्या हातात दिला.

तिने तो कानाला नीट लावला नाही, तोंडासमोर धरला, ती नेहमी धरते तसा. "बसू," ती म्हणाली, "पत्र्याला लावली, ती लागली. तुला लावायची ऱ्हायलीया. साकु, पुरं झालं आता. ये."

मग त्याचा आवाज आला, लहानपणी मार खाल्ल्यावर यायचा तसा. "अक्कानं सांगिटलं का तुला?"

"न्हाय रं," अव्वा म्हणाली. "तिच्या तोंडात कवा न्हाय ते तीळ भिजला."

तो उद्याच्या गाडीने निघतोय. मुलीला घेऊन, परीक्षा बुडवून. आता पुन्हा अंथरुणं काढा, तिला तिखट चालत नाही तिची भाजी वेगळी करा, आणि घरभर आणखी दोन माणसांचे तेलाचे हात. फोन माझ्याकडे परत आला तेव्हा काचेवर अव्वाची तिळाची आणि तुपाची तीन बोटं उमटली होती. मी सवयीने पुसायला फडकं घेतलं. मग ते तसंच खाली ठेवलं.